पदरातली आडवी रेघ

७ जून, बुधवार
माफ कर, वही, आठ दिवस तुला उघडलं नाही. एवढ्या रागात अक्षर कसलं येणार!

विणकर ओबुलेसूने चौथी साडी बिघडवली. पदर सुरू होतो तिथेच जरीची एक तुटकी आडवी रेघ. चारही साड्यांत त्याच जागी! लग्नाची साडी अशी कोण नेसेल? मी मालकांना स्पष्ट सांगितलं — नक्षीचा नकाशा माझा आहे, चोख आहे. ओबुलेसू ताडी पिऊन मागावर बसतो. आज मालकांची माणसं गेली, मीही होतो, आणि त्याच्या मागावरचं नक्षीचे धागे उचलणारं जकार्ड यंत्र उतरवून घेऊन आली. बावीस वर्षं विणत होता. मला म्हणाला, “मामा, प्यायलेला माणूस रोज एकाच जागी चुकतो काय?”

उद्धट!

८ जून
नाचणीची संगटी ताटात तशीच राहिली. त्याचं ते वाक्य.

९ जून
तोच नकाशा दुसऱ्या विणकराच्या, पेद्दन्नाच्या मागावर लावला. पदराचं वीतभर विणून पाहिलं. रेघ आली! पेद्दन्ना ताडीच्या वाटेनेही जात नाही. हसला मेला — “मामा, आता सांगा, मला कुणी पाजली?”

१० जून
चाळीस वर्षं मी नक्षीसाठी जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली. पुठ्ठा उजेडात धरला की चूक दिसायची. आता कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. मग चित्राचे आकडे फाईलमध्ये जाऊन पडतात आणि माग ती फाईल वाचून धागे उचलतो. आज मुद्दाम कोरं चित्र दिलं. काहीच उमटायला नको होतं. फाईल उघडली — वर एक इंग्रजी ओळ! मी लिहिली नाही, मागितली नाही! मागाला अक्षरं कुठे कळतात? त्याने तीही आकडे समजून विणली — तीच ती रेघ!

११ जून, रविवार
दुसऱ्या फोल्डरमधून तीच आज्ञा दिली. ओळ नाही. जुन्यात परत आलो — ओळ! सात वेळा केलं. चोर त्या फोल्डरातच आहे.

१२ जून
मालकांची सून शिरीषा बेंगळुरूला शिकलेली. कॉम्प्युटर तीच बघते. तिच्यावर ओरडलो. आजोबांना म्हणावं तसं मला तातय्या म्हणते. म्हणाली, “तातय्या, मी एक प्रोग्राम बसवलाय. कुठल्या मागाला किती धागे, कसली जरी, त्या सगळ्या सेटिंग्ज फोल्डरात शिरताच तो आपोआप लावतो. लावल्या की एका ओळीत तसं सांगतो.”

“कुणाला सांगतो? मागाला?”

तिने फाईल उघडून पाहिली. मग हळूच — “ती ओळ तुमच्या आकड्यांत मिसळत असणार. माझ्या ध्यानात नाही आलं.”

म्हटलं, जा, ओबुलेसूच्या दारात उभी राहून हे सांग! एका माणसाची अब्रू घालवलीस! पोर रडली. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

१३ जून
ओबुलेसूच्या दाराला कुलूप. शेजारची चेन्नम्मा अंगण झाडत होती. झाडू न थांबवता म्हणाली, “बायकोला घेऊन कांचीकडे गेला. पत्ता नाही ठेवला. तुम्ही दारुडा ठरवलेल्या माणसाला या धर्मावरममध्ये माग कोण देणार, तातय्या?”

सगळं त्या शिरीषामुळे!

१४ जून
शिरीषाने पडद्यावरची नोंद दाखवली. तो प्रोग्राम कुणी परवानगी दिल्याशिवाय कुठल्याच फोल्डरात चालत नाही. तिने तो फक्त स्वतःच्या नमुन्यापुरता ठेवला होता. नव्या पदरासाठी तिच्या त्या नमुन्याच्या फोल्डरची नक्कल मी केली. पडद्याने इंग्रजीत विचारलं, चालू देऊ का? न वाचता हो म्हटलं. इंग्रजीत काही विचारलं की मी होच म्हणतो — सातवी नापास आहे हे कुणाला दिसू नये म्हणून.

नोंदीत परवानगीची वेळ — २५ एप्रिल, सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. पुढे माझं नाव.

चूक माझीच, हे मालकांना सांगून आलो. जकार्ड पुन्हा तुझ्या मागावर चढवतील, ओबुलेसू, पण तू कुठे आहेस? चेन्नम्माकडे चिठ्ठी ठेवली आहे. मला शिव्या दे हवं तर, पण लवकर कळव.