सहाचाकी वाटेत आहे

माल्ये क्ल्यूची, १४ एप्रिल

चि. रोद्यास ताईचे आशीर्वाद, वि. वि.

फोनचा मनोरा फेब्रुवारीत पडला तो पडलाच, म्हणून पत्र. लिहिण्याचा मला कंटाळा, तेव्हा मुद्द्याचं सांगते. आईचे पाय सुजलेत, चार पावलांत धाप लागते. ग्लाफिरा नर्स म्हणाली, रस्ता जायच्या आत जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या, नाहीतर माझ्याकडे बघू नका. बर्फ वितळायला लागलाय. देम्यानचा साखळीचा ट्रॅक्टर २६ तारखेला शेवटचा जाईल. आई म्हणते, रोद्या नेईल तरच जाईन. लाकडाच्या गाड्या तू या चिखलातून काढायचास, ते तिच्या डोक्यातून जात नाही. ओम्स्कहून गाडीने ये, स्टेशनावर देम्यान भेटेल. सबबी लिहू नकोस.

माया असेल तर ये, नुसती कळवू नकोस.
तायास्या

---

ओम्स्क, १९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस. पाठ धरली आहे, महिनाभर बसूनच आहे. पण चिखल सुटलेला नाही हं. शनिवारी सकाळी सहाचाकी ट्रक घेऊन निघालो. आधी चारचाकी नेली होती. चपळ आहे, पण खोल चाकोरीत पोटावर बसते. आठचाकी कशालाही हटत नाही, पण डिझेल पाण्यासारखं पिते, निम्म्या वाटेत कोरडी. सहाचाकीसारखी गाडी नाही. नदीत रुतलो, तर बर्चच्या झाडाला दोर बांधून स्वतःच बाहेर आलो. आता आरागिरणीपाशी आहे. रस्ता अगदी आपल्यासारखाच आहे, आईला सांग.

(दुसरे पान)

हसशील. हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे, शेजाऱ्याने बसवून दिला. त्यातलं कुठलंही झाड उपटत नाही, एवढंच खोटं. आईला तू समजाव, तुझं ऐकते ती.

लोभ कमी करू नये.
रोदिओन

---

माल्ये क्ल्यूची, ६ मे

रोद्या,

आई एक तारखेला सकाळी गेली. तीन तारखेला पुरली. नदीवरचा बर्फ काल फुटला, म्हणून होडीवाल्याबरोबर हे धाडते.

तुझं पत्र २४ ला आलं. मी मोठ्याने वाचत होते. आरागिरणीपर्यंत आले तशी आई उठून बसली. म्हणाली, आरागिरणी म्हणजे दोन दिवसांची वाट, बघ, सहाचाकीच घेतली पोराने, अक्कल आहे त्याला. कोबीची पोळी भाजायला लावली मला. स्वतः दोन घास खाल्ले, आठवड्यात पहिल्यांदा. २६ ला देम्यानचा ट्रॅक्टर दारात गुरगुरत उभा राहिला. आई पलंगाची कड धरून बसली. म्हणाली, रोद्या आला नि घर रिकामं दिसलं तर काय वाटेल त्याला, तू जा बाबा. देम्यानने मला विचारलं, काय गं तायास्या, खरंच येतोय का तो? मी म्हटलं, येतोय.

तुला शिव्या घालायला बसले होते. खूप सुचल्या होत्या. पण दुसरं पान माझ्या हातातच होतं. आई पोळीचं विचारत होती तेव्हाच वाचून झालं होतं माझं. घडी करून चुलीत घातलं. ती खात होती रे. वाटलं, आज खाऊ दे, उद्या सांगू. उद्या नाही सांगितलं, परवा ट्रॅक्टर आला. शेवटच्या दिवशीही विचारलं तिने, कुठवर आला असेल? मी म्हटलं, उताराला लागला.

तेव्हा तू खेळलास नि मी वाचून दाखवलं. कोणाचं जास्त, ते तू ठरवू नकोस, मीही ठरवत नाही.

आईचा चाळिसावा दिवस नऊ जूनला, सगळं गाव जेवायला येईल. ये. तोवर रस्ता कोरडा होईल, पण गावात शिरायच्या आधी ओढ्यावर उतरून बुटांना, पँटला चिखल फास. मी सगळ्यांना सांगितलंय तू वाटेत रुतला होतास.

बाकी काय लिहू. आता आपण दोघंच.
तायास्या