तव्याशी बोललेली अकरा वर्षं

प्रिय मोठी आई,

काल तुझी तेरवी झाली आणि आज सकाळी मुंबईहून फोन आला की तुला परत आणायचंय. म्हणून हे पत्र. नाहीतर तुझ्याशी बोलायला मला कागद कधी लागला?

तुला म्हणजे मालिकेतल्या थोरलीला. गेल्या वर्षी आम्ही तिला आगीत संपवलं, पण प्रेत सापडलं नाही असं ठेवलं होतं. अशी दारं आम्ही लेखक लोक उघडी ठेवतोच. आता टीआरपी घसरलाय, म्हणून थोरली परत येणार, धाकट्या जावेच्या पायांवर पडणार आणि रडून रडून माफी मागणार. तासाभराचा विशेष भाग. लिहायचा मी, परवापर्यंत, इथं हिंगणघाटला, तुझ्याच खोलीत बसून.

थोरली म्हणजे तू, हे आपल्या गल्लीत कोणाला माहीत नाही?

तू आणि माझी आई, दोघी जावा, अकरा वर्षं एकमेकींशी बोलला नाहीत. कारण काय, ते आजवर दोघींनी सांगितलं नाही. स्वयंपाकघर एकच, त्यामुळे तू तव्याशी बोलायचीस. "तव्या, पाव्हणे येऊन राह्यले बाबा, चार पोया जास्त लागतीन." दोन हातांच्या अंतरावर वरण ढवळणारी आई तिच्या गंजाला, वरणाच्या पातेल्याला, विचारायची, "गंजा, मंग वरण पुरन का रे?" वरण पुरायचं. जिनिंगच्या कारखान्यात कापसातली किडकी कवडी वेचून तू घरी आलीस की न्हाणीत गरम पाण्याची बादली भरलेली असायची. ती कोणी ठेवली, हे तू कधी विचारलं नाहीस. आईला टायफॉइड झाला तेव्हा तिच्या उशाशी तूच होतीस, आणि तिथंही बोललीस ती पेजेच्या वाटीशी.

मग एक दिवस तू म्हणालीस, "चाहा झाला, ये." आई म्हणाली, "आली बाई." संपलं. ना रडणं, ना गळ्यात पडणं. मी शाळेचं दप्तर भरत होते, माझं लक्षही नव्हतं.

हीच गोष्ट मी वाहिनीला सांगितली होती गं. एका स्वयंपाकघरातल्या दोन बाया, अबोला आणि भांडी. तिथल्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिले वीस भाग तसेच झाले. आठवतं? आपल्या गल्लीतल्या बाया मालिका संपल्यावर आपापल्या कढयांशी बोलायला लागल्या होत्या. मग मॅडम म्हणाल्या, "ताई, सायलेन्स खूप होतोय, प्रेक्षकाला कळायला हवं चांगलं कोण, वाईट कोण." आणि मी मान डोलावली. एकविसाव्या भागात थोरलीनं धाकटीच्या खिरीत विषाची पुडी रिकामी केली.

प्रेक्षकाला कळत नाही म्हणतात! ज्या घरांत एक भांडं जोरात आपटलं की सगळ्यांना सगळं कळतं, त्या घरांना आम्ही तीनदा कॅमेरा फिरवून, ढणढण वाजवून समजावतो. अवघड गोष्ट सांगायची आमच्यात हिंमत नाही, आणि बोल लावतो तुमच्या अकलेला. मीही त्यातलीच. सोडून जावं म्हटलं तर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काही हरकत नाही, दुसरा लेखक एका दुपारी लिहील." लिहिलं तरी तू पाया पडणार, नाही लिहिलं तरी पडणार.

मी आईला विचारलं, तू तिची कधी माफी मागितली होतीस का. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिनं मले माफी नाई मांगली. मांगली असती तं मलेई मांगा लागली असती. लय उपकार झाले तिचे." आणि मग तिनं मला ते सांगितलं, जे तू लपवलं होतंस.

खिरीचा भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या. कप हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, याच्यात काई टाकलं तं नाई ना?" सगळे हसले. तूही हसलीस. त्या दिवसापासून तू कोणाच्या कपात स्वतःच्या हातानं साखर घातली नाहीस. बिनसाखरेचा चहा आणि समोर डबा. दिवाळीला मी विचारलं, काऊन गं? तू म्हणालीस, "आता साऱ्याईलेच शुगर हाय, ज्याची त्यानं घेतलेली बरी." मी मजेत दोन चमचे घेतले. माझ्या कपातही घातली नाहीस, आणि मला काही कळलं नाही.

मोठी आई, तू मला एका शब्दानं का बोलली नाहीस? तव्याला तरी सांगायचंस.

दुपारी मी दोघींचा अख्खा भाग लिहून पाठवला, भांड्यांशिवाय कोणाशी कोणी बोलत नाही असा. तासात परत आला. मग मी दुसरा पाठवला: थोरली मेलेलीच राहील, पण धाकटीच्या नवऱ्याला एक जुळा भाऊ निघेल, दुबईहून आलेला, टक्कल केलेला. मॅडम इतक्या खूश झाल्या की विचारू नकोस. विशेष भाग त्याचाच होणार. इतकं भिकार मी आजवर काही लिहिलं नव्हतं.

म्हणून आता मला ही मालिका सोडता येत नाही. मी उठले की माझ्या खुर्चीवर बसणारा पहिल्यांदा तुलाच उठवेल. टीआरपी पडेल तेव्हा तेव्हा मी जुळे आणीन, स्मृती घालवीन, लग्नं मोडीन. माझ्या नावावर हसतील, हसू देत.

गेलेल्या माणसाला सगळे परत ये म्हणतात. मी तुला वचन देते, मी तुला परत येऊ देणार नाही.

तुझी,
बेबी