बिनसावलीच्या खांबावरील पत्र्याबाबत

प्रति,
मा. उद्यान अधिकारी,
उपनगर उद्यान विभाग, दहिसर (पूर्व)

विषय : सूर्यस्तंभावरील एक पत्रा १६ मे रोजी दुपारी दहा मिनिटे काढण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचाच दि. ३ एप्रिल १९८७ चा अर्ज (ज्याचा अर्जदारास आता पश्चात्ताप आहे).

महोदय,

१) अर्जदार दत्ताराम काशीराम घाडी हा शाळेत चित्रकला शिकवतो व स्वतःस शिल्पकार समजतो. आपल्या परवानगीने गतवर्षी त्याने नदीकाठच्या बागेत फुटक्या लाद्यांनी मढवलेला बारा फुटी सूर्यस्तंभ उभारला. वर्षातून दोनदा, मे व जुलैत, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. ते लोकांनी पाहावे, एवढाच या कलाकृतीचा हेतू.

२) उद्घाटन १६ मे रोजी दुपारी १२.३५ ला होते. संदर्भीय अर्जाच्या कलम सातमध्ये "पाहुण्यांस ऊन लागू नये, सबब मांडव असावा" असे अर्जदाराने स्वहस्ते लिहिले होते. कार्य म्हटले की मांडव आलाच, यापुढे त्याचे डोके चालले नाही. कार्यालयाने नेमकी हीच मागणी तत्परतेने मंजूर केली. ठरल्या वेळी खांबाला सावली नव्हती हे खरे, पण मांडवाखाली ती कोणालाच नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्जदाराने हारही घालून घेतला.

३) गारवा सर्वांना आवडल्याने पुढे मांडवाच्या जागी पत्र्याची शेड आली. "मास्तर, तुमच्या खांबामुळे आम्हाला सावली झाली हो," असे भजनी मंडळाच्या सुंदराबाईंनी अर्जदाराचे आभारही मानले. जुलैत तर ढगच होते. त्यांची तक्रार कोणत्या खात्याकडे करावी हे अर्जदारास कळले नाही.

४) हे सर्व अर्जदार सोसेल. परंतु तो खांब प्रत्यक्ष उभा केला त्याच्या वडिलांनी. काशीराम घाडी यांनी तीस वर्षे गिरणीत साचे, म्हणजे माग, जोडले. गिरणी सुटल्यानंतर त्यांच्या हाताला मिळालेले हे एकच काम. खांब सरळ राहावा म्हणून तीन रविवार ते ओळंब्याची दोरी धरून बसले होते. मध्यंतरी बागेत कोणीतरी बोलले की, खांब वाकडा निघाला म्हणूनच वर पत्रा घातला. तेव्हापासून म्हातारा बागेत फिरकत नाही. घरी एकदाच म्हणाला, "मिया खांब सरळ उभो केलंय. पण आता माकाच खात्री नाय." येत्या १८ तारखेस ते कायमचे गावी जात आहेत. मुलाच्या मूर्खपणाचा डाग त्यांनी सोबत नेऊ नये, असे अर्जदारास फार वाटते.

५) सबब, खांबाच्या माथ्यावरचा केवळ एक पत्रा १२.३० ते १२.४० काढावा. पाहुणे, हार, ध्वनिक्षेपक काही नको. मांडव तर नकोच. वडिलांसाठी खुर्ची अर्जदार घरून आणील.

कलम सातबद्दल क्षमाप्रार्थी,
द. का. घाडी
दहिसर, दि. २ मे १९८८

सोबत :
१. कलम सात, लाल शाईने खोडलेले.
२. सदर पत्र्याचे चार बोल्ट. कार्यालयाचा वेळ वाचावा म्हणून अर्जदाराने आजच काढले. पत्रा तूर्त काथ्याने बांधला आहे.
३. वडिलांचा ओळंबा, खांबाच्या तपासणीसाठी. त्यांना न विचारता आणला आहे. १८ तारखेच्या आत परत मिळावा.