स्टुडिओच्या काचेतले चेहरे

दादा,

तुझा पत्ता नाही, तरी लिहितोय.

तू घर सोडून गेल्यापासून मी रोज सकाळी कॅमेरा घेऊन फुटपाथ पालथे घालतो. तू सापडत नाहीस, पण चालल्याने जीव जरा थाऱ्यावर येतो. तिथे झोपणाऱ्यांचे फोटो काढून स्टुडिओच्या काचेत लावतो, नवरा-नवरीचे उतरवले. कुणाचं हरवलेलं माणूस कुणाला दिसावं, एवढंच.

पहिला फोटो एका म्हाताऱ्याचा. धंद्याची खोड, दुसरं काय! त्याच्या सुरकुत्या, कपाळावरचा व्रण, सगळं कॉम्प्युटरवर पुसून टाकलं. त्याला दाखवला तर म्हणाला, "जावई झकास आहे हो. कुणाचा?"

मग होता तसाच लावला. एक दिवस एक बाई काचेला नाक लावून उभी राहिली. "अहो, हे माझे बाबा!" म्हणाली आणि पायरीवर मटकन बसली. बापलेक घरी गेले. मी शटर ओढून पोटभर रडलो. आनंदाने म्हण, हेव्याने म्हण.

दादा, आता पाय बोलतात रे. म्हणून काचेत माझाही फोटो लावलाय, टकलासकट, डोळ्यांखालच्या पिशव्यांसकट. मला काही तू सापडत नाहीस. इथून गेलास, तर तूच मला ओळख.

तुझा,
बारक्या