जेटमध्ये तार घालणाऱ्यांना वगळून

मी, तारामती व्यंकट बिराजदार, वय एकसष्ट, धंदा जनरेटर दुरुस्ती व भाड्याने देणे, राहणार लातूर, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझा मुलगा सत्यम याला माझ्या शुद्धीची शंका असल्यास त्याने सोबतचा डॉक्टरांचा दाखला वाचावा. शेवटपर्यंत वाचावा.

१. दुकानाची जागा, सर्व जनरेटर व हत्यारे माझी स्वकष्टार्जित असून ती माझी सून दीपमाला हिला एकटीला द्यावीत. कारण सांगते.

भूकंपाच्या साली किल्लारीकडच्या छावणीत आमचा जनरेटर होता. संध्याकाळी दवाखान्याच्या तंबूत एका बाईच्या पायाला टाके घालताना तो बंद पडला. माझे पती कै. व्यंकट यांनी कार्बोरेटर उघडून, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटच्या बारीक भोकात तार घातली. भोक मोठं झालं. मग इंजिन नुसतं पेट्रोल पिऊ लागलं आणि काळा धूर तंबूत शिरला.

"सरका, मी बघते," मी म्हणाले.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मी पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटरखालची वाटी सोडवली. तळाला पाणी अन् गाळ. सगळं पेट्रोलनं धुतलं, पंपानं हवा मारली आणि शेजारच्या बंद जनरेटरचा जेट काढून बसवला. उजेड आला, टाके पुरे झाले. व्यंकट मरेपर्यंत सांगत राहिले की इंजिन थंड झालं होतं म्हणून चालू झालं.

सत्यम त्यांचाच मुलगा. लातुरात क्लासेस वाढले, लोडशेडिंग वाढलं, आमचा धंदाही वाढला. याची तार काही सुटली नाही. वर म्हणतो, "इंजिनच खराब हाय." यंदा मी दवाखान्यात असताना तो एका क्लासवाल्याला दुकानाचं माप घ्यायला घेऊन आला. दीपमाला कार्बोरेटर साफ करत होती. ती पेट्रोलच्या हातांनीच दारात उभी राहिली.

"सासूबाई जित्या हायत अजून. टेप गुंडाळा."

नवऱ्यासमोर हे बोलणं सोपं नव्हतं. त्यानंतर तो महिनाभर तिच्याशी बोलला नाही.

२. राहतं घर सत्यम व दीपमाला दोघांना समान द्यावं. दोघांच्या सहीशिवाय ते विकता येणार नाही. सत्यमला घर का, तर दवाखान्यात माझ्या पायथ्याशी तोच बसून असायचा. नर्सबाईंशी भांडायचा, पण हलायचा नाही.

३. वरची दोन कलमं मी आज सत्यमला वाचून दाखवली. तो म्हणाला, "दुकानात तिला हाताखाली माणूस लागंल की."

मी म्हणाले, "मला काय विचारतोस? तिला विचार."

त्याने विचारलं आहे. दीपमालाने अजून होकार दिलेला नाही.

लिहून देणार : तारामती व्यंकट बिराजदार (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली, साक्षीदार :
हुस्ना ताहेर शेख, शिवणकाम, लातूर (सही)
चांगुणा माणिक सूर्यवंशी, औसा (सही)

लातूर, १४ जून २०११