ध्यान लागलेली बाई

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय बुटके,

तू बरी असशील. गुडघ्याला शेक देतेस ना? इथे आम्ही सगळे ठीक.

सकाळपासून शाळेतलं प्रार्थनेचं ते शेवटचं बाक आठवतंय. सिस्टर सगळ्यांना डोळे मिटून गप्प बसवायच्या आणि तू माझ्या कानाशी लागायचीस, "ताई, तुझ्या डोक्यातला गोंगाट मला ऐकू येतोय." खरंच होतं गं. डोळे मिटले की माझ्या डोक्यात बाजार भरायचा. भूगोलाची वही, तुझी सुटलेली रिबीन, आईचा खोकला. पुढे संसारात तो वाढतच गेला. हे गेल्यावर तर मी मनातल्या मनात स्वतःशीच भांडायला लागले.

म्हणून मी मौनाच्या बैठकीला जाऊ लागले. गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या दुकानावर माडी आहे, तिथे दर रविवारी आम्ही दहा-बाराजण भिंतीला टेकून बसतो. मंत्र नाही, भजन नाही, प्रवचन नाही. मनात येईल ते येऊ द्यायचं, जाऊ द्यायचं. मग जी शांतता उरेल तोच देवाला नमस्कार. बैठक संपली की एकेकानं हळूच उठून जायचं. ज्याचं ध्यान लागलं असेल त्याला हाक मारायची नाही, एवढा एकच नियम.

सुरुवातीला काही जमेना. शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, गुंता ओढू नका. नुसता हातात धरून बसा." मी धरून बसले. आणि उन्हाळ्याच्या सुमारास कधीतरी गोंगाट थांबला.

काय सांगू तुला! आधी घरातल्या कामांची यादी गेली, मग काळज्या गेल्या. हे गेल्याचं दुःखसुद्धा कधीकधी सापडायचं नाही. मला वाटलं, देवानं ऐकलं. सगळे उठले तरी मी बसलेलीच असायची. जुने लोक नव्यांना सांगायचे, "त्या बाईंसारखं बसता आलं पाहिजे." शिंपीणबाईंनी मला खिडकीजवळची चांगली जागा दिली. खोटं कशाला बोलू, आवडलं मला.

मागच्या महिन्यात सूनबाई मला शोधत माडीवर आली. बाकीचे कधीच गेले होते.

"आई, जेवायची वेळ टळून गेली. चला ना."

मी तिच्यामागून जिना उतरले, दारात थांबले आणि विचारलं, "आपलं घर कुठल्या बाजूला गं?"

"झालं! आता घरदारही सोडलंत वाटतं!" ती हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं घट्ट हात धरला.

बुटके, ते ध्यान नव्हतं. उठून कुठे जायचं हे आठवत नव्हतं, म्हणून मी बसून राहत होते. आणि त्या भल्या माणसांनी नियम पाळून मला कधी हाक मारली नाही.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. आजाराचं नाव लांबलचक आहे, सूनबाईला विचार. हळूहळू सगळंच जाईल म्हणतात. मी अजून बैठकीला जाते, सूनबाई आणायला येते. पण आता उलटंच मागते. देवा, तो बाजार परत भरव. सगळा नको, निदान रिबिनीपुरता.

तू दरवेळी म्हणतेस, "बघू, पुढच्या सुट्टीत." या खेपेला सुट्टीची वाट बघू नकोस.

सुचतंय तोवर सांगून ठेवते. माझं शिवणाचं मशीन शिंपीणबाईंना द्या. त्यांना मात्र यातलं काही कळू देऊ नका, फार लागेल त्यांच्या मनाला. मोत्यांची माळ सूनबाईला. मी नाही म्हटलं तरी तिनं ती घ्यावी. पुस्तकं लेकाला, वाचणार नाही, पण टाकणारही नाही. आईची करडी लोकरीची शाल तुला. ती तू येऊन माझ्या हातून घे. उशीर झाला तर सूनबाईकडे माग, माझ्याकडे मागू नकोस. आपल्या आईची शाल मी कुणा परक्या बाईला देणार नाही.

अजून तुझीच,
ताई