कवचधरच्या शेवटच्या पानावरची सही

मी, भगवान शिवराम गरुड, वय ७३ वर्षे, निवृत्त संपादक, राहणार मोरिवली, अंबरनाथ पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, डॉ. रिद्धी सामंत यांनी तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. मी घाबरलेलो आहे, पण घाबरणं म्हणजे भ्रमिष्ट होणं नव्हे, हे कोर्टाने ध्यानात घ्यावं. कुणी माझा हात धरून हे लिहून घेतलेलं नाही. येत्या सोमवारी, १७ तारखेला, माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. त्या टेबलावरून मी उठलो नाही, तर माझं एक खोटं कायमचं खरं ठरेल. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलगा बुद्धभूषण व मुलगी प्रीती यांना समसमान. यावरून ती दोघं भांडणार नाहीत. भांडतील ती कलम ६ वरून, आणि मला धास्ती त्याचीच आहे.

२. माझी पुस्तकं मोरिवलीच्या बुद्धविहारातल्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी जिथे जिथे लेखकांशी वाद घातला आहे, ती टिपणं पुसू नयेत.

३. बदलापूरचे हिंदुराव मास्तर १९८६ साली भर सभेत म्हणाले होते, "कॉमिक्स ही रद्दी, आणि तिचा संपादक रद्दीवाला." त्यांना 'कवचधर'चा पहिला अंक बांधणी करून द्यावा. नको म्हणतील. दारात ठेवून यावं, ते घेतील.

४. आमचा कवचधर. हा अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यातला कामगार. अंगात जाड एप्रन, तोंडावर काचेचा मुखवटा, आणि कारखान्याचा भोंगा वाजला की अंगात शंभर माणसांचं बळ. उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या मोटवानी सेठच्या छापखान्यातून १९८४ पासून आठ वर्षं, दरमहा एक, असे ९६ अंक निघाले. प्रत्येकावर छापलं आहे : 'निर्माता, लेखक, संपादक : भगवान गरुड'. यातला पहिला शब्द खोटा आहे.

कवचधर बबन साळवे याने जन्माला घातला. बबन कारखान्यात पिंपांवर धोक्याची कवटी रंगवायचा. दुपारच्या सुट्टीत त्याच रंगाने त्याने एका पुठ्ठ्यावर हा मुखवटेवाला काढला आणि मला दाखवला. "भगवानदादा, हा बोलत नाही अजून. तुम्ही बोलतं करा." मी बोलतं केलं. एवढाच माझा वाटा.

बबन प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, बारीक सही करायचा. पहिल्या अंकाच्या वेळी सेठ म्हणाला, "साईं, एकही नाम रखो. दो नाम से बच्चा गडबडा जाता है." मी बाटलीतला सफेदा घेतला, दोन नंबरचा ब्रश घेतला आणि सही झाकली. पान मग छपाईसाठी फोटो काढायला गेलं. पहिल्या खेपेला सेठने सांगितलं होतं. पुढच्या पंच्याण्णव खेपांना मला कुणीच सांगितलं नव्हतं.

याच आठ वर्षांत मी कामगारांच्या सभांत, कारखान्यांच्या गेटवर उभा राहून गरजत होतो की ज्याच्या हातचं काम, त्याचं नाव. लोक टाळ्या वाजवत होते. बबनही वाजवत होता. अकरा वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा शोकसभेत मी चाळीस मिनिटं बोललो. त्यात त्याचा उल्लेख 'आमचे रंगकाम करणारे सहकारी' असा केला.

५. बबनची पत्नी जनाबाई खरवईला राहते. यंदा तीनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परतलो. दहा हजारांच्या सभेत न कापणारा माझा आवाज कडी वाजवण्याच्या विचारानेच बसला. गेल्या रविवारी प्रीती हाताला धरून घेऊन गेली.

"जय भीम, साहेब. आत या," जनाबाई म्हणाली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाचता येत नव्हतं. ह्यांनी मला फक्त त्यांची सही ओळखायला शिकवलेली. अंक आला की मी शेवटचं पान उघडायची. सही नसायची. विचारलं की म्हणायचे, छापताना कटली असंल."

म्हणजे बबनला ठाऊक होतं. आठ वर्षं तो घरी मला झाकत राहिला.

मी माफीचं बोलू लागलो, तर तिने हात वर केला. "भाषण नको, साहेब. लिहून द्या. आणि चहा घ्या." ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

६. सेठने धंदा बंद करताना कवचधरचे सर्व हक्क व मूळ चित्रं मला लेखी दिली. त्यांतली सर्व मूळ चित्रं, लोखंडी कपाटातले ९६ गठ्ठे, जनाबाईला द्यावीत. हक्कांतला अर्धा हिस्सा तिचा व तिच्या पश्चात तिच्या वारसांचा. उरलेला अर्धा माझ्या दोन्ही मुलांचा. कवचधर जिथे जिथे दिसेल तिथे 'निर्माता : बबन साळवे' आणि त्याखाली 'लेखक : भगवान गरुड' असंच छापावं. जनाबाईच्या सहीशिवाय कुणीही कुठलाही करार करू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रीतीने करावी.

हे लिहिण्याचं कारण बुद्धभूषण. पोरगा वाईट नाही. पण कार्टून काढणाऱ्या एका कंपनीचा माणूस रोज त्याला फोन करतो, आणि तो माझ्या उशाशी कागद घेऊन येतो.

"पप्पा, त्यांना सिंगल क्रिएटर पाहिजे. लीगल क्लिअर लागतं. बबनकाका कुठे आहेत आता भांडायला?"

"नाहीत, म्हणूनच भीती वाटते रे."

"तुम्ही पण ना! कोणाला माहितीये ते?"

हेच वाक्य मी ९६ वेळा स्वतःशी म्हटलं आहे. माझ्या तोंडचं ते मुलाच्या तोंडी ऐकलं आणि छातीत कळ आली. मी गेलो की आठवड्याच्या आत तो सही करील, असं मला वाटतं. माझा अंदाज चुकावा.

७. सफेद्याची सुकलेली बाटली व दोन नंबरचा ब्रश बुद्धभूषणला. कंपनीचा कागद पुढ्यात येईल तेव्हा त्याने या दोन वस्तू शेजारी ठेवाव्यात आणि जनाबाईकडच्या गठ्ठ्यांतलं कुठलंही एक शेवटचं पान खिडकीशी उन्हासमोर धरावं. सफेद्याखालची सही अजून काळी आहे.

८. माझ्या शोकसभेत कुणी भाषण करू नये. प्रीतीने कलम ४ मोठ्याने वाचावं. जनाबाईला पुढच्या रांगेत बसवावं. ती येणार नाही, याचीही मला भीती वाटते.

या कागदावर कुठेही सफेदा लावलेला नाही. कलम ४ च्या सुरुवातीला सवयीने 'माझा कवचधर' लिहिलं गेलं. 'माझा' एका रेघेने खोडून वर 'आमचा' लिहिलं आहे आणि बाजूला आद्याक्षरं घातली आहेत. खोडलेला शब्द वाचता येतो. तो तसाच राहू द्यावा.

सही वाकडी आली आहे. ती माझीच आहे.

(सही) भगवान शिवराम गरुड

आमच्या देखत त्यांनी सही केली व त्यांच्या देखत आम्ही केली :
१. (सही) डॉ. रिद्धी सामंत, अंबरनाथ पूर्व
२. (सही) विनीत भोईर, शेजारी, मोरिवली

जनाबाईलाही साक्षीदार करायचं होतं. जिला हिस्सा मिळतो तिने साक्ष देऊ नये, असं वकील म्हणाले. तिची सही करारावर येईल.

ठिकाण : मोरिवली, अंबरनाथ पूर्व
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार